इथे दहा, तिथे शून्य

"अवो सायेब, चिठ्ठी निघंना. मशिन नुसतं गप बसलंय. माणसं ओळीनं उभी हाईत."

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातून हा फोन पहाटे सव्वापाचच्या सुमारास यायचा. तो ठेवतोय तोवर दुसरा वाजायचा, करवीर तालुक्यातल्या कुठल्यातरी केंद्रावरून. मग तिसरा. साडेपाच वाजून गेले की फोन आपोआप थांबायचे, कारण तोवर सगळीकडे चिठ्ठ्या धडाधड निघायला लागलेल्या असायच्या. मधल्या वेळात कुणी काही दुरुस्त केलेलं नसायचं. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा तोच प्रकार, तेवढाच वेळ.

ज्या डेअरीचं हे काम राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या कंपनीकडे होतं, तिचं नाव सांगण्याची इथे गरज नाही. काही गावांचं दूध गोळा करणारी ती एक खासगी डेअरी. केंद्रावरची रीत जिल्ह्यात सगळीकडे असते तशीच. माणूस दूध घालतो, काट्यावर लिटर दिसतात, मशिन नमुन्याची फॅट आणि एसएनएफ काढतं, हे आकडे कोल्हापूरच्या सर्व्हरकडे जातात, तिथून दर येतो आणि प्रिंटरमधून चिठ्ठी निघते. दर दहा दिवसांनी या चिठ्ठ्यांचं बिल होतं. त्यामुळे चिठ्ठी हातात पडल्याशिवाय कुणी हलत नाही. पण ओळीतल्या निम्म्यांना सातच्या पाळीला गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या एमआयडीसीत पोचायचं असतं आणि उरलेल्यांना वैरणीला जायचं असतं. अशा माणसांना पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे केंद्रचालकाला विचारावं.

या केंद्रचालकांपैकी एक आप्पा. सत्तरीला टेकलेला माणूस. त्यांनी स्वतःच इलाज शोधून काढला होता. राउटरची पिन काढायची, चहा प्यायचा, पिन घालायची. "चालू हुतंय बघा." शेजारच्या गावात सिमकार्ड काढून, शर्टाला पुसून परत बसवायचे. एका केंद्रावर मशिनला हळदकुंकू लागलं होतं आणि तिथले चालक त्या उपायावर सर्वांत जास्त ठाम होते. त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. जे दुखणं पंधरा मिनिटांत आपलं आपण बरं होतं, त्यावर कुठलंही औषध लागूच पडतं. आमच्याकडेही निराळं काय चाललं होतं? सर्व्हर रीस्टार्ट केला की चालू व्हायचा, म्हणजे बिघाड सर्व्हरमध्ये, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

डेअरीच्या मॅनेजरांचं मत मात्र पहिल्यापासून वेगळं होतं. "मुंबईला हलवल्यापास्नं झालंय हे," एवढंच ते म्हणायचे, आणि आम्ही ते अडाणी मत म्हणून सोडून द्यायचो.

डेटाबेस मुंबईला हलवला होता तो पुरामुळे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शहराचा मोठा भाग पाण्यात उभा राहिला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. दोन वर्षांत दोनदा कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन जिना चढलेल्या डेअरीने ठरवलं की हिशेबाची मूळ वही आता नदीकाठच्या शहरात ठेवायची नाही. केंद्रांशी बोलणारा ॲप्लिकेशन सर्व्हर शाहूपुरीतल्या ऑफिसात वरच्या मजल्यावर राहिला. त्याच्या मागचा पोस्टग्रेस डेटाबेस मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये गेला. मध्ये लाइन आली, आणि लाइनच्या तोंडाशी नवीन फायरवॉल. आधी हे दोघे एकाच खोलीत, हातभर वायरीने जोडलेले होते.

आता थोडं पूलविषयी, कारण सगळी गोम तिथेच होती. डेटाबेसशी नवं कनेक्शन जोडणं महाग असतं. आधी टीसीपीची देवाणघेवाण, मग टीएलएसची, मग पासवर्ड, आणि पोस्टग्रेस तर प्रत्येक कनेक्शनसाठी पलीकडे एक स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. दर चिठ्ठीला एवढा खटाटोप परवडत नाही. म्हणून प्रोग्राम काही कनेक्शन आधीच जोडून ठेवतो, लागलं की त्यातलं एक देतो, काम झालं की परत घेतो. मिरजकर तिकटीच्या रिक्षा स्टँडवर रिक्षा उभ्या असाव्यात तसं. फरक इतकाच की आमच्या पूलमध्ये नंबर लावायची पद्धत नव्हती. जी शेवटी परत येईल तीच पुन्हा पहिली जायची. हा फरक पुढे फार कामाला आला. पूलमध्ये कनेक्शन होती दहा.

पहिला संशय अर्थातच गावच्या नेटवर गेला. पण एकाच क्षणी पन्हाळा आणि कागल दोन्हीकडचं नेट पडत नाही. दुसरा संशय पहाटेच्या गर्दीवर. पण गर्दी खरी होते ती सहाला, आणि सहाला सगळं सुरळीत असायचं. मुंबईच्या लोकांनी डेटाबेस चालू असल्याचे आलेख पाठवले. फायरवॉल बसवणाऱ्या माणसाने सगळे दिवे हिरवे असल्याचा फोटो पाठवला. प्रत्येकाचं घर शाबूत होतं.

मग कुणीतरी मुंबईच्या डेटाबेसचा लॉग मागवला आणि सगळ्यांना हायसं वाटलं, कारण त्यात पुरावाच सापडला. क्लायंटकडून डेटा मिळू शकला नाही, कनेक्शनची मुदत संपली, अशा अर्थाच्या दहा ओळी. वेळ पाच वाजून काही मिनिटं, म्हणजे पहिल्या फोनच्या थोडं आधी. आणि संध्याकाळी पुन्हा दहा ओळी, सतरा वाजून तेवढीच मिनिटं. दहा कनेक्शन, दहा ओळी, आणि वेळ नेमकी संकलन सुरू होण्याची! याहून स्वच्छ पुरावा कुठला? संकलन सुरू होताना मुंबईचा डेटाबेस कनेक्शन तोडतो, असा निष्कर्ष निघाला. मुंबईला कडक शब्दांत मेल गेला. उत्तर आलं की आम्ही काही तोडत नाही, क्लायंटच उत्तर देत नाही.

दरम्यान एक प्रामाणिक उपाय करून झाला होता. पूलमधून कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का हे तपासायचं. त्यासाठी डेटाबेसला एक क्षुल्लक प्रश्न विचारायचा असतो, 'सिलेक्ट १'. उत्तर आलं तर कनेक्शन ठीक, नाही आलं तर फेकून नवं जोडायचं. पुस्तकी उपाय, जगभर चालतो. आमच्याकडे तो लावल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे चिठ्ठीऐवजी 'सिलेक्ट १' अडकला, आणि तेवढ्याच पंधरा मिनिटांसाठी! उत्तर 'नाही' असं आलं असतं तर चाललं असतं. पण उत्तरच येत नव्हतं, आणि किती वेळ वाट पाहायची हे डेटाबेसशी बोलणाऱ्या ड्रायव्हरला कुणी सांगितलेलं नव्हतं. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये सॉकेट टाइमआउट मुळात शून्य असतो, आणि तिथे शून्य म्हणजे बेमुदत.

आमच्याकडे कागलहून रोज येणारी एक सहकारी होती, सगळ्यांत धाकटी. तिच्याकडे हे काम नव्हतं. तिच्याकडे बिलांचं काम होतं, दर १, ११ आणि २१ तारखेला दहा दिवसांची बिलं नीट निघतात का ते पाहण्याचं. बिलाच्या दिवशी डेअरीच्या ऑफिसात दिवसभर रिपोर्ट काढले जातात. तिच्या लक्षात आलं की त्या दिवशी संध्याकाळचा बिघाड वेगळा वागतो. पहिली चिठ्ठी बिनबोभाट निघते. दुसऱ्या-तिसऱ्या गावाचं दूध एकदम आलं की मग अडकतं. हे तिने सांगितलं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

तिने स्वतःच त्या तारखांचा मुंबईचा लॉग उघडला. बिलाच्या दिवशी पहाटेच्या दहा ओळी नव्हत्या. नऊ होत्या.

शोध लागला तो या लॉगमधल्या भलत्याच ओळीने. बिलाची क्वेरी जड असते, दोनेक मिनिटं चालते, आणि फार वेळ घेणाऱ्या क्वेऱ्या डेटाबेस लॉगमध्ये लिहून ठेवतो. तशी एक ओळ तिथे होती. वेळ सहा वाजून दहा मिनिटं. सकाळी सहा दहाला बिल कोण काढतंय? ऑफिस तेव्हा उघडलेलंही नसतं, आणि ते बिल तिने स्वतः क्लार्कसोबत फोनवर राहून, पावणेबाराच्या आत काढलेलं होतं. अकरा चाळीसला.

अकरा चाळीस वजा सहा दहा. साडेपाच तास. मुंबईचा लॉग भारतीय वेळेत लिहिलेलाच नव्हता, तो जागतिक प्रमाणवेळेत होता. डेटा सेंटरमधल्या यंत्रांना तशी सवयच असते आणि त्यात गैर काही नाही. पण याचा अर्थ असा की ज्या ओळी आम्ही पहाटे पाच-अकराच्या समजत होतो, त्या सकाळी १० वाजून ४१ मिनिटांच्या होत्या. आणि संध्याकाळच्या समजत होतो त्या रात्री १० वाजून ४१ मिनिटांच्या. दोन्ही वेळा केंद्रं बंद. दुधाचा थेंब नाही. संकलनाच्या वेळेशी जुळलेला तो स्वच्छ पुरावा म्हणजे घड्याळाने केलेली थट्टा होती.

मग रात्री पावणेअकराला दहा कनेक्शन कशाने मरत होती?

तिने ॲप्लिकेशनचा लॉग शेजारी ठेवला आणि एकेक कनेक्शन शेवटचं कधी वापरलं गेलं ते काढलं. संध्याकाळचं संकलन साडेआठच्या आसपास उरकतं. एक कनेक्शन ८ वाजून २९ मिनिटांनी निवांत झालेलं, दुसरं त्याच्या अर्धा मिनिट आधी, तिसरं आणखी थोडं आधी. मुंबईच्या लॉगमधली प्रत्येक ओळ आपापल्या कनेक्शनच्या शेवटच्या वापरापासून सारख्याच अंतरावर पडत होती. दोन तास, अकरा मिनिटं, पंधरा सेकंद.

नेटवर्कचं काम केलेल्या माणसाला हा आकडा ओळखीचा असतो. टीसीपीमध्ये कीपअलाइव्ह नावाची सोय आहे. कनेक्शनवर बराच वेळ काही बोलणं झालं नाही तर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, एक रिकामं पाकीट पाठवून पलीकडे कुणी आहे का हे पाहतं. लिनक्समध्ये हा 'बराच वेळ' म्हणजे ७२०० सेकंद, दोन तास. उत्तर आलं नाही तर दर ७५ सेकंदांनी एकेक, अशी नऊ पाकिटं. नऊ गुणिले पंच्याहत्तर म्हणजे ६७५ सेकंद, अकरा मिनिटं पंधरा सेकंद. पोस्टग्रेसचा सर्व्हर आपल्या बाजूने ही सोय चालू ठेवतो. म्हणजे मुंबई दोन तास गप्प राहून विचारत होती, "कोल्हापूर, आहात का?" नऊदा विचारूनही उत्तर आलं नाही तेव्हा तिने समजायचं ते समजून आपल्या बाजूची प्रोसेस बंद केली आणि लॉगमध्ये एक ओळ लिहिली. मेलमध्ये मुंबईवाले सांगत होते ते अक्षरशः खरं होतं.

कोल्हापूरच्या बाजूने काय दिसतं हे पाहायचं राहिलं होतं. त्या रात्री आम्ही ऑफिसातच थांबलो. एका स्क्रीनवर शाहूपुरीचा सर्व्हर, दुसऱ्यावर मुंबईचा डेटाबेस. नऊ वाजता दोन्हीकडे दहा-दहा कनेक्शन. दहा वाजता दहा-दहा. पावणेअकराला मुंबईची यादी रिकामी होऊ लागली. नऊ, सात, चार, आणि मग काहीच नाही. शाहूपुरीच्या स्क्रीनवर दहाच्या दहा ओळी जशाच्या तशा. अवस्था: एस्टॅब्लिश्ड. तिने 'एसएस' कमांड पुन्हा चालवली. दहा. मुंबईला पुन्हा विचारलं. शून्य.

एकाच कनेक्शनची दोन टोकं, आणि त्यांचं एकमत नव्हतं.

याचा छडा पहाटेपर्यंत थांबून लावायची गरज नव्हती. तिने तिथेच एक चिठ्ठीची नोंद हाताने पाठवली आणि तारेवरची पाकिटं टिपणारा टीसीपीडम्प लावला. शाहूपुरीहून पाकीट गेलं. उत्तर नाही. सेकंदाच्या पाचव्या हिश्शात तेच पाकीट पुन्हा. मग त्याच्या दुप्पट वेळाने, मग त्याच्या दुप्पट. ०.२, ०.४, ०.८ असं करत १०२.४ सेकंदांपर्यंत दहा वाटा, त्यांची बेरीज २०४.६. पुढे लिनक्स वाट दुप्पट करत नाही, १२० सेकंदांवर थांबतो. अशा सहा वाटा, ७२० सेकंद. पंधरावं पुनःपाकीटही वाया गेलं की कर्नल नाद सोडतं. एकूण ९२४.६ सेकंद, पंधरा मिनिटं पंचवीस सेकंद. ही झाली किमान मर्यादा. कोल्हापूर ते मुंबई जाण्यायेण्याचा वेळ प्रत्येक वाटेत मिसळला की साडेपंधरा मिनिटांच्या पुढे आकडा जातो. आमच्या एररच्या नोंदी तिथेच होत्या. तिने हा हिशेब बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केला होता. तो कागद नंतर बराच काळ भिंतीवर होता, आणि त्यावर पुढून कुणाच्या तरी म्हशीच्या दुधाचे दहा दिवस.

आता बिलाच्या दिवसाचं कोडंही सुटलं. दिवसभर रिपोर्ट काढणारं ऑफिस शेवटी परत आलेलं तेच एक कनेक्शन पुन्हा पुन्हा वापरायचं. ते एक जागं राहायचं आणि बाकीची नऊ मरायची. संध्याकाळची पहिली चिठ्ठी त्या एकावरून निघायची. दुसऱ्या गावाची नोंद त्याच क्षणी आली की तिच्या वाट्याला मेलेलं कनेक्शन यायचं.

राहता राहिला मारेकरी. कोल्हापूर जिवंत, मुंबई जिवंत, लाइन चालू. तरी नऊ पाकिटं कुठे नाहीशी झाली? मधोमध एकच पेटी होती.

फायरवॉल आपल्यातून जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनची नोंद एका तक्त्यात ठेवतो. तक्ता अमर्याद नसतो, म्हणून ज्या नोंदीवर बराच वेळ हालचाल नाही ती खोडतो. नोंद खोडली की त्या कनेक्शनचं पाकीट त्याच्या लेखी अनोळखी, आणि अनोळखी पाकीट तो मुकाट्याने टाकून देतो. 'हे कनेक्शन आता नाही' असा उलट निरोप त्याने पाठवला असता तर आमचा प्रोग्राम क्षणात नवं जोडून मोकळा झाला असता. पण चोरट्याला घराचा पत्ता कळू नये म्हणून गप्प राहणं हे या पेट्यांचं शिक्षणच आहे. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवरून कनेक्शन जोडून ते निवांत सोडलं. पंचावन्न मिनिटांनी विचारलं तर उत्तर मिळालं. पासष्ट मिनिटांनी विचारलं तर मिळालं नाही. मर्यादा एक तासाची होती. अशा पेट्यांवर ती कारखान्यातूनच येते आणि बसवणारा माणूस तिला सहसा हात लावत नाही. दिवे खरोखरच हिरवे होते.

एका बाजूला तासाभरात विसरणारी पेटी आणि दुसऱ्या बाजूला दोन तासांनी विचारपूस करणारं कर्नल, ही गाठ कुणी घातली? याचं उत्तर १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये सापडतं. आरएफसी ११२२ हा इंटरनेटवरच्या यंत्रांनी कसं वागावं हे सांगणारा दस्तऐवज तेव्हा आला, संपादक रॉबर्ट ब्रेडन. कीपअलाइव्हवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. त्यात नियम असा की ही सोय द्यायची असेल तर ती मुळात बंद असावी, आणि तिचं मूळ अंतर दोन तासांहून कमी नसावं. कारणंही दिली आहेत. लाइन घटकाभर पडली तर धडधाकट कनेक्शन उगाच तुटेल, बँडविड्थ वाया जाईल, आणि जिथे पाकिटामागे पैसे लागतात तिथे खर्च येईल. त्या काळासाठी हे रास्त होतं. तेव्हा मधल्या पेट्या असं काही लक्षात ठेवत नव्हत्या. दोन टोकं नीट असली की झालं. पत्ते बदलून देणाऱ्या पेटीचा, म्हणजे नॅटचा, प्रस्ताव १९९४ मध्ये आला. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. नॅटने टीसीपीशी कसं वागावं याची शिस्त आरएफसी ५३८२ ने २००८ मध्ये घातली. जुळलेलं कनेक्शन दोन तास चार मिनिटांच्या आत विसरू नये, असं त्यात लिहिलं आहे. दोन तास कशासाठी, हे वेगळं सांगायला नको. तोवर बाजारात कितीतरी पेट्या गेलेल्या होत्या आणि पुढेही ज्याने त्याने आपल्या सोयीचीच मर्यादा ठेवली.

आमच्याच जिल्ह्यात याची दुसरी बाजू पाहायला मिळाली. वारणानगरच्या परिसरातल्या ७० गावांत १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. ऊस आणि दूध घालणाऱ्यांसाठी गावोगाव कॉम्प्युटर. पुढे तिथल्या साखर कारखान्याच्या काही गावांत मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला, 'वारणा अनवायर्ड' या नावाने. एसएमएसमध्ये कायम जोडून ठेवायचं काहीच नसतं. निरोप जातो, उत्तर येतं, संपलं. मला तो विचार मनापासून आवडतो. पण फॅट लागल्या लागल्या चिठ्ठी हातात हवी असेल तर तो चालत नाही.

उपायावर मात्र ऑफिसात भांडण झालं. एक मत असं की कनेक्शन रात्रभर जागी ठेवायचीच कशाला? संकलन संपलं की सोडून द्या, पहाटे नवी जोडा. हे अगदीच टाकाऊ नाही. वापर नसताना झोपणारे आणि तेवढेच पैसे वाचवणारे डेटाबेस हल्ली मिळतात, त्यांच्यावर कीपअलाइव्ह लावला तर ते कधी झोपतच नाहीत आणि बिल मात्र येतं. पण आमचा डेटाबेस चोवीस तास भाड्याने घेतलेला, आणि पाच वाजता सगळी केंद्रं एकदमच दार ठोठावतात. दुसरं मत, फायरवॉलची मर्यादा वाढवून घ्या. ते करता आलं असतं, पण पेटी बदलली की पुन्हा पहिले पाढे, आणि तोवर हे कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

शेवटी काम दोन पातळ्यांवर झालं. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये टीसीपी कीपअलाइव्ह मुळात बंद असतो. शाहूपुरीची बाजू रात्रभर काहीच विचारत नव्हती ती म्हणूनच. तो चालू केला, आणि सर्व्हरवर दोन तासांचं अंतर पाच मिनिटांवर आणलं. आमच्या बाजूने चौकशी व्हायला लागली की फायरवॉलची नोंद ताजी राहते. पण कर्नलच्या पाकिटाला उत्तर देतं ते पलीकडचं कर्नल. डेटाबेस स्वतः अडकून बसला असेल, किंवा मध्ये कनेक्शन वाटून देणारा एखादा प्रॉक्सी असेल, तर ते उत्तर फसवं. म्हणून जुना पूल काढून हिकारीसीपी बसवला. त्यात 'कीपअलाइव्ह टाइम' अशी स्वतंत्र सेटिंग आहे. निवांत पडलेलं कनेक्शन अधूनमधून बाजूला काढून तो खुद्द डेटाबेसशी बोलून घेतो आणि मग परत ठेवतो. एखादं कनेक्शन कितीही चांगलं असलं तरी अर्ध्या तासाने ते मोडून नवं जोडतो, तेही आहेच. आणि देण्याआधीची तपासणी तो पाच सेकंदांच्या वर ताणत नाही.

हे बदल लावल्यावरच्या पहिल्या पहाटे, रविवारी, फोन आले नाहीत. पण एवढ्यावरून काही सिद्ध होत नव्हतं, रविवारची झोप म्हणूनही कुणी फोन केला नसेल. खरी परीक्षा झाली पावसाळ्याच्या तोंडावर, वळवाच्या पावसात. संध्याकाळी साडेसहाला, भर संकलनात, शाहूपुरीतली वीज गेली. सर्व्हरचा यूपीएस टिकला, फायरवॉलच्या यूपीएसची बॅटरी गेलेली होती. पेटी बंद पडून पुन्हा उभी राहिली ती कोऱ्या तक्त्यासह, म्हणजे दहाच्या दहा कनेक्शन तिच्या लेखी अनोळखी. लाइन आल्यापासून मिनिटभराच्या आत पूलने जुनी सगळी फेकून नवी जोडली आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या.

एक गोष्ट उरली होती, सॉकेट टाइमआउटची. बेमुदत वाट पाहणं बंद करायचं तर काहीतरी आकडा लिहायला हवा होता. सगळ्यांनी तीस सेकंद म्हटलं. चिठ्ठीला तीस सेकंदही जास्तच. तो आकडा लागण्याआधीच कागलहून येणारीने अडवलं. बिलाची क्वेरी दोन मिनिटं चालते. तीस सेकंदांनी ड्रायव्हर कनेक्शन तोडणार, पलीकडे डेटाबेस बिल काढतच बसणार, क्लार्क पुन्हा बटण दाबणार, आणि एकाच बिलाच्या तीन-तीन क्वेऱ्या मुंबईत एकमेकींच्या मागे लागणार, तेही नेमके १ तारखेला. "मग काय करायचं?" मॅनेजरांनी विचारलं. तिने बिलांसाठी दोन कनेक्शनांचा वेगळा पूल केला. त्याला पाच मिनिटं, चिठ्ठ्यांना तीस सेकंद. आणि मुंबईच्या लॉगचं घड्याळ भारतीय वेळेवर लावून घेतलं.